एव्हरेस्ट बेस कॅम्प : इथून निघणाऱ्या मोठ्या गटासोबत जावे की तिथला स्थानिक गाईड घ्यावा?

रविवारचा_सिंहगड

नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही घरचे तिघे, म्हणजे मी (वय ५४), पत्नी (वय ५०) आणि मुलगी (वय २३), नेपाळमधल्या एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत पायी जाण्याचा विचार करत आहोत. सह्याद्रीतले आमचे फिरणे बऱ्यापैकी नियमित आहे. रविवारचा सिंहगड सहसा चुकत नाही, कळसूबाई दोनदा झाले आहे, राजगड-तोरणा तर किती वेळा झाला याची मोजदाद आम्ही सोडून दिली आहे. मात्र ३,००० मीटरच्या वर आमच्यापैकी कोणीही आजवर एक रात्रही काढलेली नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटर, हे दोन आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले तेव्हा पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चांगली परिचयाची आहे.

सध्या आमच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, पुण्याहून निघणारा बावीस जणांचा गट. काठमांडू ते काठमांडू बारा दिवस, सोबत एक मराठी लीडर आणि दोन स्थानिक मदतनीस. दुसरा, काठमांडूतली एक लहान एजन्सी. पंधरा दिवस, आम्हा तिघांसाठी एक गाईड आणि दोन पोर्टर. दुसऱ्या पर्यायाचा खर्च माणशी साधारण दीडपट होतो. आमच्या मेहुण्यांचे म्हणणे तिसरेच आहे. वाट इतकी मळलेली आहे आणि दर दोन तासांवर चहाचे घर आहे, तेव्हा गाईडवर पैसे घालवण्याची मुळात गरजच काय, असे ते विचारतात.

ज्यांनी ही वाट स्वतः केली आहे त्यांनी कृपया सांगावे, की स्थानिक गाईड नेमके काय करतो, आणि तीन दिवसांच्या फरकाला खरोखरच इतके महत्त्व आहे का?

दूधकोशी

मी या वाटेने दोनदा गेले आहे, २०१८ मध्ये यजमानांसोबत आणि २०२२ मध्ये मैत्रिणींसोबत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

वाट दाखवण्यासाठी गाईड लागत नाही, हे आपल्या मेहुण्यांचे म्हणणे खरे आहे. लुक्ला (इथे विमानाने उतरून चालायला सुरुवात होते) ते गोरक्षेप (बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम) ही वाट ऑक्टोबरात चुकायची म्हटले तरी चुकणार नाही. पुढे याकांचा तांडा आणि मागे माणसांची रांग असते. गाईड कशासाठी असतो हे मला पहिल्या खेपेला दिंगबोचेला कळले. आमचा गाईड सोलुखुंबूच्या खालच्या भागातला, राई समाजातला होता. (इथे एक खुलासा करते. शेर्पा ही जमात आहे, हुद्दा नव्हे. गाईड आणि भरिये (पोर्टर) यांत राई, तामाङ, मगर, गुरुङ अशी कितीतरी माणसे असतात आणि सरसकट सगळ्यांना शेर्पा म्हटलेले त्यांना आवडतेच असे नाही.) हा माणूस आमच्याबरोबर कधी जेवायला बसत नसे. आम्ही जेवत असताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून गप्पा मारत असे आणि मला वाटे, की याचे आपल्याकडे मुळीच लक्ष नाही. दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्री यजमानांनी दालभात अर्धा टाकला आणि भूक नाही म्हणून ते झोपायला गेले. हे गृहस्थ एरवी ताटात शीत ठेवत नाहीत. सकाळी ते बाहेर आले ते डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालण्याची खटपट करत, आणि बुटांच्या नाड्या लोंबत होत्या. मला हसू आले. गाईड मात्र हसला नाही. त्याने खाली बसून नाड्या बांधल्या, त्यांना चार प्रश्न विचारले आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "लेक लागेको छ, दिदी. आज माथि जाने होइन." म्हणजे, आज वर जायचे नाही. उंचीचा त्रास होण्याला नेपाळीत लेक लागणे म्हणतात.

त्या क्षणी यजमानांची आणि त्याची थोडी वादावादी झाली, कारण डोके दुखणे सोडले तर आपल्याला काहीही झालेले नाही असे यजमानांचे ठाम मत होते. टेकाडापलीकडे फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. ही संस्था १९७३ पासून काम करते आणि हंगामात तिथे डॉक्टर असतात. गाईड त्यांना तिथे घेऊन गेला, डॉक्टरांनी खाली उतरायला सांगितले आणि दुपारपर्यंत ते चार हजार मीटरच्या आत, पांगबोचेला पोचले. दुसऱ्या दिवशी ते तिथल्या चुलीपाशी बसून दोन ताटे दालभात जेवले. मी सहायक गाईडबरोबर पुढे गेले, बेस कॅम्प पाहून आले आणि परतताना त्यांना पांगबोचेला भेटले. बेस कॅम्प त्यांचा राहिला तो राहिलाच.

मला यातून एकच प्रश्न शिकता आला, आणि तो मी तेव्हापासून प्रत्येक आयोजकाला विचारते : एका माणसाला खाली न्यावे लागले, तर त्याच्याबरोबर कोण उतरेल आणि वर जाणाऱ्यांबरोबर कोण राहील? आमच्याकडे एक गाईड आणि एक सहायक होता, म्हणून दोन्ही जमले. बावीस माणसे, एक लीडर आणि दोन मदतनीस, असे असेल तर पहिला माणूस आजारी पडल्यावर एक मदतनीस गेला आणि दुसरा माणूस पडल्यावर दुसराही गेला. उरलेल्या वीस जणांकडे एकटा लीडर पाहणार, आणि त्यालाही डोके आहे, तेही दुखू शकते. आपल्यालाही एजन्सीने एकच गाईड देऊ केला आहे, तेव्हा हा प्रश्न त्यांनाही विचारावाच; पोर्टरपैकी एकाला या कामाचा अनुभव असेल तर तीही सोय चालते.

दिवसांचा हिशेब मात्र कागदावरच करता येतो. फाकदिंग २,६१० मीटर, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४. तीन हजाराच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा फार वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणूनच चांगल्या आखणीत नामचेला दोन रात्री आणि दिंगबोचेला दोन रात्री असतात. थांबण्याच्या दिवशी नुसते झोपून राहायचे नसते. नामचेहून वर स्याङबोचेकडे किंवा दिंगबोचेच्या मागच्या डोंगरधारेवर तीन-चारशे मीटर चढायचे आणि झोपायला खाली यायचे असते. बारा दिवसांच्या पत्रकात दिंगबोचेची दुसरी रात्र आहे का, हे आधी पाहावे. माझा अंदाज असा, की तीच कापलेली असेल, कारण कापण्याजोगी दुसरी रात्र या वाटेवर फारशी नाहीच.

लुक्लाच्या विमानाबद्दलही सांगते. तिथली धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि चांगलीच चढाची आहे, ढग उतरले की विमाने बंद, आणि हंगामात बरीचशी उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछापच्या मन्थलीहून होतात, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास उठून चार-पाच तास गाडीने जायचे. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी दोन मोकळे दिवस ठेवले नाहीत, तर लुक्लाला धुक्याकडे पाहत बसताना दुसरे काही सुचत नाही.

एकटा_फिरस्ता

मी २०१७ मध्ये गाईडशिवाय गेलो होतो आणि सुखरूप परतलो, त्यामुळे मेहुण्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे म्हणून लिहितो. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळच्या पर्यटन मंडळाने परदेशी पदयात्रींना नोंदणीकृत एजन्सीमार्फत परवानाधारक गाईड घेणे बंधनकारक केले असले, तरी खुंबू पासाङ ल्हामु गाउँपालिकेने (एव्हरेस्टच्या, म्हणजे खुंबूच्या भागातली स्थानिक पालिका) तो नियम आपल्या भागात लागू केलेला नाही. तिथे त्यांचा स्वतःचा प्रवेश परवाना आणि सगरमाथा (एव्हरेस्टचे नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानाचा परवाना असे दोन कागद लागतात. भारतीयांना उद्यानाचे शुल्क इतर परदेशीयांपेक्षा कमी पडते. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. नुसत्या आधार कार्डावर विमानतळावर अडवले जाते.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऑक्टोबरात वरच्या गावांतल्या खोल्या गाईड लोक दोन-दोन दिवस आधी फोन करून धरून ठेवतात. मी गोरक्षेपला दुपारी तीन वाजता पोचलो तेव्हा चारही लॉजमधून मान हलली आणि शेवटी जेवणघराच्या बाकावर रात्र काढली. याकाच्या शेणाच्या गोवऱ्यांवर चालणारी तिथली शेगडी नऊच्या सुमारास विझली आणि पहाटे माझ्या बाटलीतले पाणी गोठलेले होते. विशीत ही आठवण मित्रांना सांगायला बरी वाटते. आपण तिघे आहात आणि आपण चोपन्न वर्षांचे आहात.

वैद्य_सातारकर

मी व्यवसायाने फिजिशियन असून स्वतः खुंबूत जाऊन आलो आहे. वरच्या अनुभवात मोजा उलट्या हातात घालण्याचा जो तपशील आला आहे, तो वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून केवळ त्याविषयी लिहितो.

उंचीवर डोके दुखणे, भूक मरणे, झोप न लागणे हा सौम्य त्रास पुष्कळांना होतो आणि त्याच उंचीवर थांबल्यास बहुतेकदा एक-दोन दिवसांत तो ओसरतो. धोका त्याच्या पुढच्या दोन पायऱ्यांचा आहे. मेंदूला सूज येऊ लागली की माणूस गोंधळतो, चिडतो, साध्या कामात चुकतो आणि सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून त्याला चालता येत नाही. फुप्फुसांत पाणी साचू लागले की बसल्या जागी धाप लागते, खोकला वाढतो, ओठ निळसर दिसू लागतात. या दोन्ही अवस्थांत खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे उतरणे, आणि तेही सकाळची वाट न पाहता. प्राणवायू किंवा औषधे ही उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. यातली अडचण अशी, की ज्याचा मेंदू सुजत असतो त्याला स्वतःला ते कळत नाही. त्यामुळे "मला काही झालेले नाही" हे रुग्णाचे वाक्य अशा वेळी पुरावा म्हणून धरता येत नाही, आणि नवरा-बायकोला एकमेकांना सक्तीने थांबवणे जड जाते. पगार घेणारा तिऱ्हाईत माणूस इथे उपयोगी पडतो.

सिंहगड वेगाने चढता येतो याचा आणि लेक न लागण्याचा फारसा संबंध नाही. उलट तेवीस वर्षांची आपली मुलगी दम आहे म्हणून भराभर चालेल आणि तिलाच त्रास होण्याचा संभव अधिक, हे ध्यानात ठेवावे. तिथले गाईड दिवसभर "बिस्तारै, बिस्तारै" (हळूहळू) म्हणत राहतात, त्याचा कंटाळा येऊ देऊ नये.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. बोटांना मुंग्या येणे आणि लघवी वारंवार होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. झोपेच्या गोळ्या आणि मद्य वर पूर्णपणे वर्ज्य समजावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण पाच हजार मीटरवर निरोगी माणसाचाही आकडा ऐंशीच्या आसपास दिसू शकतो. तो पाहून घाबरून जाऊ नये आणि आकडा बरा दिसतो म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्षही करू नये.

पायवाट_ठाणे

वरील सर्व प्रतिसाद वाचून स्थानिक म्हणजे आपोआप उत्तम असा समज होऊ नये, म्हणून माझा कडू अनुभव नोंदवतो. २०१९ मध्ये आम्ही चौघांनी इंटरनेटवर सर्वांत स्वस्त दर देणारी काठमांडूतली एक एजन्सी निवडली. गाईड मुलगा गोड बोलणारा होता, पण मुक्काम कुठे करायचा हे आमच्या प्रकृतीपेक्षा त्याच्या ओळखीच्या लॉजवर ठरत असे. लोबुचेला आमच्या एका मित्राचे डोके दुखू लागले, तो व्यवस्थित जेवत होता, बोलत होता, सरळ चालत होता, आणि तरीही हेलिकॉप्टर बोलावू या, विमा आहे ना, असा तगादा या मुलाने रात्रभर लावला. आम्ही सकाळी चालत फेरिचेला उतरलो आणि संध्याकाळपर्यंत मित्राला बरे वाटले. परत आल्यावर कळले, की गरज नसताना हेलिकॉप्टरने उतरवून विम्याचे पैसे उकळण्याच्या प्रकारांची नेपाळ सरकारने २०१८ मध्येच चौकशी केली होती. त्या मुलाला मी फार दोष देत नाही. दर इतका पाडून घेतल्यावर त्याची कमाई बक्षिसीवर आणि कमिशनवरच उरणार, हे आम्हाला कळायला हवे होते. हंगामात चांगल्या गाईडचा रोज साधारण २५ ते ३५ डॉलर आणि पोर्टरचा त्याहून थोडा कमी असतो. एकूण रक्कम या हिशेबात बसतच नसेल, तर ती कोणाच्या तरी पोटातून काढलेली असते.

तेव्हा एजन्सीला नाव ठरवून विचारावे : आमच्याबरोबर येणारा गाईड नेमका कोण, त्याचा परवाना आहे का, तो या वाटेवर किती हंगाम आहे, आणि आम्ही अर्ध्यातून परतलो तरी त्याला पूर्ण दिवसांचा पैसा मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर परत फिरवण्याचा निर्णय घेताना त्या माणसाचे हात बांधलेले असणार. आणि आपला प्रवास विमा सहा हजार मीटरपर्यंतची पदयात्रा आणि हेलिकॉप्टर दोन्ही देतो का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत स्वतः वाचावे; अनेक पॉलिसी त्याच्या बऱ्याच खाली हात वर करतात.

पुण्या-मुंबईच्या सगळ्याच गटांना एका मापाने मोजणेही अन्यायाचे होईल. माझ्या आईवडिलांना एका मराठी गटाने अन्नपूर्णेच्या बाजूला अतिशय जपून नेऊन आणले होते. पण ते नऊ जण होते, बावीस नव्हे.

रविवारचा_सिंहगड

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्हीकडे फोन केले. पुण्याच्या गटाच्या पत्रकात दिंगबोचेला खरोखरच एकच रात्र आहे. लीडरने प्रांजळपणे सांगितले, की लोकांना दोन आठवड्यांच्या वर रजा मिळत नाही, म्हणून एक दिवस कमी करावा लागतो, आणि दरवर्षी दोघे-चौघे लोबुचेच्या अलीकडून परततात. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला, पण ते दोघे-चौघे आम्हीच असू अशी दाट शंका आल्यामुळे तो पर्याय सोडला आहे.

काठमांडूच्या एजन्सीने गाईडच्या परवान्याचा फोटो पाठवला आणि परतावे लागले तरी त्याला ठरलेले सर्व दिवस मिळतील असे लेखी कळवले. एका पोर्टरऐवजी थोडे इंग्रजी-हिंदी येणारा सहायक गाईड घेता येईल, तोही काही सामान उचलेल, असे त्यांनी सुचवले आहे. मग आमच्या तिघांच्या सामानाचा भार कसा वाटायचा, हा एक प्रश्न उरतो. पत्नीचा प्रश्न वेगळा आहे : ऐन दिवाळीत ही माणसे घर सोडून आपल्याबरोबर कशी येणार?

दूधकोशी

ताईंनी नेमके बोट ठेवले. दशैं (दसरा) आणि तिहार (दिवाळी) हे त्यांचे दोन्ही मोठे सण नेमके या हंगामात येतात आणि बहुतेकांना ते वाटेवरच काढावे लागतात. आम्ही २०२२ मध्ये त्या दिवसांत नामचेला होतो, घरून नेलेल्या चकल्या आणि अनारसे काढले, तेव्हा भरियाने एक अनारसा कागदात गुंडाळून मुलीसाठी ठेवून दिला. तो अकरा दिवसांनी घरी पोचेल तेव्हा कसा असेल, हे मी त्याला विचारले नाही.

सामानाचे म्हणाल, तर लुक्लाच्या विमानात हातातल्या पिशवीसह माणशी साधारण १५ किलोच नेता येते, त्यामुळे फार भरायची संधीच मिळत नाही. दिवसाला लागणारे पाणी, जाकीट, औषधे स्वतःच्या पाठीवर ठेवून भरियाकडे माणशी आठ किलोच्या वर देऊ नये. तिघांचे मिळून चोवीस होतात, त्यातले सहा-सात सहायकाने घेतले की झाले. निघण्याआधी लुक्लाला भरियाच्या पायांकडे आणि अंगावरच्या जाकिटाकडे एकदा पाहून घ्यावे. कॅनव्हासचे बूट दिसले तर तिथेच एजन्सीला फोन लावावा, कारण लोबुचेच्या अलीकडच्या थुक्लाच्या चढावर बर्फ पडल्यावर फोन करून उपयोग नसतो. आणि बक्षिसी शेवटच्या संध्याकाळी द्यायची ती प्रत्येकाच्या पाकिटात वेगळी घालून, भरियाची भरियाच्या हातात द्यावी, गाईडमार्फत देऊ नये.

चकल्या डब्यात न्याव्यात. पिशवीत त्यांचा भुगा होतो.